नोल्डेसारखा लाल वाळल्यावर टिकत का नाही?

ओलाकुंचला: जर्मन चित्रकार एमिल नोल्डेची जलरंगातली पॉपीची फुलं डोक्यात बसलीत. दोन महिने तसा लाल काढायला बघतेय. ओला असतो तोवर नुसता पेटलेला, वाळला की दहा वेळा धुतलेल्या कापडासारखा. कागद चांगला जाड, ३०० जीएसएमचा आहे. मग चुकतंय कुठे? की मूळचा तैलरंगवाला म्हणून त्याचा हात असा सैल?

जुनीपॅलेट: हाताचं सोडा, हा गडी मूळचा लाकूड कोरणारा! फ्लेन्सबुर्गला तेच शिकला. १९०६ मध्ये ‘ब्र्युके’ या तरुण जर्मन चित्रकारांच्या गटाने बोलावलं तेव्हा अडतिशीत होता, आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडला.

तुमचा घोळ कागदात आहे. जलरंगाच्या जाड कागदाला सरसाचा, म्हणजे डिंकासारख्या चिकट द्रावाचा, हात दिलेला असतो, त्यामुळे रंग वरच बसतो. नोल्डे शोषून घेणारा जपानी कागद भिजवून त्यावर भरल्या कुंचल्याने रंग सोडायचा. इतका मुरायचा की पाठीमागूनही दिसायचा. मी हे करून पाहिलंय. पहिले चार कागद उचलतानाच फाटले. काचेवर पसरा आणि तिथेच पूर्ण वाळू द्या, हात लावू नका.

आणि लाल एकटा पेटत नाही हो. त्याच्या फुलांशेजारी बघा, गडद निळा नाहीतर जांभळा दबा धरून असतो. तो झाकून बघा, लाल निम्मा होतो.

तिरकीरेघ: रंगांबद्दल वाद नाही. पण बरेचजण म्हणतात तसं त्याला ‘नात्सींनी छळलेला बिचारा’ म्हणू नका, एवढंच. १९३७ मध्ये त्याची हजारावर चित्रं संग्रहालयांतून जप्त झाली, १९४१ मध्ये चित्रकार म्हणून व्यवसायबंदी आली, हे खरं. पण स्वतः नात्सी पक्षाचा सभासद, ज्यूद्वेष्टा, आणि बंदीनंतरही निष्ठा कायम. बंदीच्या काळात चोरून रंगवलेल्या ‘न रंगवलेल्या चित्रां’ची कहाणी युद्धानंतर रंगली. बर्लिनच्या २०१९ च्या प्रदर्शनाने तिचा फुगा फोडला. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंनी त्याच सुमारास कार्यालयातली त्याची दोन चित्रं उतरवली. मला अजूनही त्याचे समुद्र आवडतात, आणि त्याचा त्रासही होतो.

जुनीपॅलेट: मान्य. मी त्याचं तंत्र घेतो, माणूस नाही.

ओलाकुंचला: काल जपानी कागद आणला. जांभळा आधी सोडला, मग लाल. काचेवरून काढताना कोपरा गेलाच. पुढची बाजू ठीकठाक. सहज उलटा केला, तर पाठीमागे पाकळ्यांना कडाच नाहीत, लाल नुसता आतून उमटलाय. तीच बाजू भिंतीला लावलीय, फाटक्या कोपऱ्यासकट.