टेन्शनने हार्ट खरंच फेल होतं का? मदत हवी आहे (तासगाव, जि. सांगली)

द्राक्षवेल
लवकर उत्तर द्या. आमच्या मालकांना डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलाय. हे म्हणतात, मला काही झालं नाही, नुसतं टेन्शन आहे. टेन्शन आहेच. मागच्या हंगामात व्यापारी माल घेऊन पळाला, यंदा रॅकवरचा बेदाणा अवकाळीत भिजून काळा पडला, सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं कसंबसं केलं. रात्र रात्र झोप नाही, अंगणात खुर्ची टाकून बसतात. पाय सुजतात. मला एवढंच सांगा, टेन्शनने हार्ट फेल होतं का, की इको म्हणजे उगाच खर्च? "टेन्शन घेऊ नका" असं कृपा करून लिहू नका, ते सांगणारे गावात भरपूर आहेत.

मिरजेचा_सतारिया
वय किती? बीपी, शुगर? तंबाखू? सूज एका पायाला की दोन्ही? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

श्वासयोगी
ताई, इको राहू द्या. पहाटे उठून भस्त्रिका आणि कपालभाती करायला लावा. माझं बीपी त्यानेच ताळ्यावर आलं. सोबत अर्जुनसाल आणि ज्येष्ठमधाचा काढा.

द्राक्षवेल
वय ५२. शुगर नाही, तंबाखू नाही. बीपी मागे वाढलं होतं, गोळी दिली होती, बरं वाटल्यावर यांनी बंद केली. सूज दोन्ही पायांना, संध्याकाळी जास्त.

हिशोबी_माणूस
टेन्शनने हार्ट फेल वगैरे होत नसतं. कोलेस्टेरॉल तपासा, सगळं तिथेच आहे.

मिरजेचा_सतारिया
असं कसं म्हणता? २००४ साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला, ५२ देशांतला, त्यात भारतही होता. हार्ट अटॅकच्या नऊ मुख्य कारणांत कोलेस्टेरॉल होतं, तसा मानसिक ताणही होता.

हिशोबी_माणूस
तो अभ्यास अटॅकचा. ताईंनी विचारलंय फेल्युअरचं. दोन्ही एक नाही.

निवृत्त_सिस्टर
एक नाही हे बरोबर, पण अटॅकनंतर पंप कमजोर होतो, तेव्हा फार लांबचंही नाही. ताई, मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली आहेत. ताण वर्षानुवर्षं राहिला की अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढलेलं राहतं. रक्तवाहिन्या आवळतात, किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी उतरत नाही. बोअरची मोटर कायम जादा दाबावर चालवल्यासारखं हृदयाचं होतं. डाव्या कप्प्याची भिंत आधी जाड होते, मग ताठरते, पुढे तिचा जोर कमी पडतो. गोळी बंद केलेलं बीपी असेल तर टेन्शनला एकट्याला दोष देऊ नका.

आता मला दोन गोष्टी सांगा. नडगीवर अंगठा जरा वेळ दाबून धरा, खड्डा राहतो का? आणि रात्री काळजीने झोप लागत नाही म्हणून उठतात, की आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून? तुम्ही अंदाज करू नका, त्यांनाच विचारा.

श्वासयोगी, बीपी वाढलेल्या माणसाला भस्त्रिका सांगू नका. ज्येष्ठमध तर अजिबात नको, त्याने बीपी वाढतं आणि अंगात पाणी साठतं.

श्वासयोगी
आयुर्वेदाला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या घरात तीन पिढ्या काढा पितात.

निवृत्त_सिस्टर
नावं ठेवत नाही. हा माणूस दम लागून बसलाय का, ते आधी कळू दे.

शिवार_कवठेमहांकाळ
वहिनी, व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल केला का? सौदापट्टी जपून ठेवा. आमच्या भागात बऱ्याच जणांचं असंच झालं. आणि भिजलेला बेदाणा वेगळा काढा, चांगल्या मालात मिसळला तर सगळ्याचाच दर पडतो.

मिरजेचा_सतारिया
दादा, धागा तब्येतीचा आहे.

द्राक्षवेल
सिस्टर, विचारलं. आधी बोलेनात, मग म्हणाले, आडवं झालं की दम कोंडतो, बसलं की मोकळं वाटतं. तीन उश्या घेऊन बघितलं, तेही जमेना म्हणून खुर्चीत. मला वाटत होतं कर्जाच्या विचाराने बसतात. नडगीवर खड्डा पडतो, बराच वेळ भरत नाही. आणि एक राहिलं, कंबर दुखते म्हणून मेडिकलातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून घेतात, फवारणीच्या दिवसांत रोज.

निवृत्त_सिस्टर
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. ती गोळी आजपासून बंद. तसल्या दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी पाणी धरते, सूज आणि बीपी दोन्ही वाढतं. इको उगाच खर्च नाही. त्यात ईएफ कळतो, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर जातं ते. साधारण ५५ ते ७० ठीक. ईएफ चांगला असूनही दम लागू शकतो, म्हणून डॉक्टर रक्तातली एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर किती ताण आहे ते दाखवणारी) तपासणीही सांगतील. पण हे उद्यावर टाकू नका, आजच मिरजेला न्या. वाटेत दम वाढला, ओठ निळे दिसले किंवा छातीत दुखलं तर १०८ लावा.

शिवार_कवठेमहांकाळ
रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. ॲडमिट करावं लागलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

द्राक्षवेल
गाडी सांगितली. निघतोय.

द्राक्षवेल
उशिरा लिहितेय, माफ करा. ईएफ ३५ निघाला, बीपी १७०/१००. ठेवून घेतलं होतं, काल घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार, भिंत जाड झालीय. लघवीची गोळी आणि बाकी औषधं चालू आहेत, सूज उतरली, आता एका उशीवर झोपतात. लोणचं-पापड बंद. कर्जाचं कुणाशी बोलायला मात्र अजून तयार नाहीत.

मिरजेचा_सतारिया
१४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, सरकारी आणि फुकट, मराठीत बोलतात. घरच्यांशी जे बोलवत नाही ते परक्याशी बोलवतं.

हिशोबी_माणूस
कोलेस्टेरॉल किती आलं?

द्राक्षवेल
ते ठीक आलं. १४४१६ लिहून त्यांच्या खिशात ठेवते. सिस्टर, रोज सकाळी वजन करायला सांगितलंय. घरात माणसाचा काटा नाही, शेडवर बेदाणा तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तो चालेल का?

निवृत्त_सिस्टर
चालेल, पण रोज तोच काटा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. आकडा वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि बरं वाटलं तरी या वेळी गोळी बंद करायची नाही.