कचरा फुकट, मग कोळसा कशाला?

भट्टीकाठ: "कचरा फुकट मिळतो, तरी सिमेंटवाले कोळसाच जाळतात, हा निव्वळ आळस," ही पोस्ट वाचून राहवलं नाही. इंधनाचा भाव टनावर नाही, उष्णतेवर धरतात. किलोला 5500 किलोकॅलरी देणाऱ्या एक टन कोळशाऐवजी 3500 चा आरडीएफ, म्हणजे कचऱ्यातून निवडून केलेलं इंधन, दीड टनाहून जास्त लागतो. ओलावा उडवण्यात उष्णता जाते, वायू वाढतो. तो वायू ओढून घेणारा आयडी फॅन आधीच पूर्ण जोरावर असेल तर क्लिंकरच, म्हणजे ज्याचं दळून सिमेंट होतं तेच, कमी निघतं. हा तोटा फुकटात कुठे मांडलात?

साधाप्रश्न: पोस्ट माझीच आहे. किल्नमध्ये, म्हणजे मुख्य भट्टीत, 1450 अंश लागतात, पण त्याआधी चुनखडी भाजणाऱ्या कॅल्सायनरमध्ये 900 च्या आसपास भागतं. तिथे टाका की! जर्मनीत निम्म्याहून जास्त उष्णता पर्यायी इंधनातून येते, ते कसं?

भट्टीकाठ: तिथे 2005 पासून प्रक्रिया न केलेला कचरा पुरायला बंदी आहे. म्हणून कचरा देणारा पैसे मोजतो. तो पैसा वजा करा, मग बोला.

तिसरीपाळी: तुम्ही दोघं पैशावरच अडलात. कचऱ्यातून येणारं क्लोरीन वाढलं की सायक्लोन, म्हणजे भट्टीआधी कच्चा माल तापवणारं उभं भांडं, जाम होतो. तो मोकळा करायला माणूस लागतो. माझ्या सहकाऱ्याच्या अंगावर गरम मील, म्हणजे दळलेला कच्चा माल, आलं, दोन्ही हात भाजले. त्या दिवशी इंधनात किती पैसे वाचले, याचा तक्ता मात्र तयार होता.

कोकवाला: वाईटच झालं. पण खापर कचऱ्यावर का? पेटकोक, म्हणजे तेल शुद्धीकरणातून उरणारा कोक, त्यातल्या गंधकानेही राइजरमध्ये, भट्टीतून वर जाणाऱ्या वायूच्या नळीत, थर बसतात. आम्ही वर्षभर तेच फोडत होतो.

तिसरीपाळी: मी कोकची बाजू घेतलीच नाही! बायपास, म्हणजे क्लोरीनवाला वायू बाहेर काढणारी वाट, न बसवता क्लोरीनवालं इंधन घालणाऱ्यांबद्दल बोलतोय. तुम्ही कधी दार उघडून थर फोडायला भाला घातलाय का?

कोकवाला: घातलाय, सहा वर्षं. म्हणूनच म्हणतो, दोष इंधनाचा नाही, बायपासचा खर्च टाळणाऱ्याचा आहे.

तिसरीपाळी: हं. एवढं पटलं.

साधाप्रश्न: बायपासमधून उष्णता आणि मील दोन्ही जातात, हे मी धरलं नव्हतं. "आळस" हा शब्द मागे घेतो. "फुकट"ही घेतो. पण कोळसा महागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच बायपास आणि वाळवणीवर खर्च करा, हे म्हणणं कायम.

भट्टीकाठ: करा. फक्त चुनखडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड इंधनापेक्षा जास्त असतो, तो यातल्या कशानेच कमी होत नाही. त्याचं श्रेय इंधनबदलाला देऊ नका.