मदत हवी आहे: निर्देशांकाचं आधारवर्ष बदललं, आता गाळ्याचं भाडं कसं धरायचं?

नमस्कार मंडळी, मालवणात बाजारपेठेत माझ्या आतेचा एक गाळा आहे, तिथे एकजण जाळी, दोर, बोये असलं मासेमारीचं सामान विकतो. आतेला पेन्शन बिन्शन काही नाही, या भाड्यावरच तिचं घर चालतं, म्हणून लांबलचक लिहितोय, प्लीज वाचा.

करारात एकच ओळ आहे, दरवर्षी एप्रिलपासून भाडं ग्राहक किंमत निर्देशांकाच्या (म्हणजे रोजच्या वस्तूंचे भाव किती वाढले ते दाखवणारा सरकारी आकडा) वाढीप्रमाणे वाढेल. कुठला निर्देशांक, ग्रामीण की शहरी की एकत्रित, कुठल्या महिन्याचा, काही नाही. आम्ही एकत्रित धरत आलो, या फेब्रुवारीचा आकडा भागिले गेल्या फेब्रुवारीचा, कुणाची तक्रार नव्हती.

आता झालंय असं की १२ फेब्रुवारी २०२६ ला केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने नवी मालिका आणली. आधी २०१२ = १०० होतं, म्हणजे २०१२ चे भाव १०० धरून पुढची वाढ मोजायचे (हेच आधारवर्ष), आता २०२४ = १००. त्यामुळे गेल्या वर्षी १९० च्या वर असलेला आकडा आता शंभरच्या जरासा पुढे दिसतो. भाडेकरू मोबाईलवर दोन्ही आकडे दाखवून म्हणतो, "काकी, आकडो निम्म्यार इलो, मगे भाडा वाढवतलंस कित्याक?" माणूस वाईट नाही, त्याला खरंच तसं वाटतंय. आणि आते मला विचारते, स्वस्ताई इली काय रे, कारण नारळ नि बांगडे तर तिला काही स्वस्त मिळत नाहीत.

फूटपट्टी बदलली म्हणून भाव उतरले असं होत नाही एवढं मला कळतं, पण ते त्याला पटेल असं कागदावर कसं मांडायचं?

दुसरं म्हणजे वस्तूंची टोपलीच, म्हणजे ज्यांचे भाव मोजतात ती यादी, बदललीय. जुनी वजनं (कुठल्या खर्चाचा वाटा किती) २०११-१२ च्या खर्च पाहणीवरची होती, खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के. आता २०२३-२४ ची पाहणी धरून ते ३६.७५ वर आलंय, वस्तू २९९ च्या ३५८ झाल्यात, खेड्यातलं घरभाडंही आत्ता धरलंय जे आधी नव्हतंच. हा बदल व्हायलाच हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, २०११-१२ ला आमच्या वाडीत मोबाईल डेटावर कोण खर्च करत होतं? पण जुन्या टोपलीवर केलेला करार नव्या टोपलीवर चालतो का, की नवा करावा लागेल?

प्रतिसाद – खाडीकाठ

दादा, दोन मालिकांचे आकडे सरळ भागायचेच नाहीत, मध्ये जोडगुणक, म्हणजे दोन मालिका जोडणारा मंत्रालयाचा आकडा, लागतो. नव्या आकड्याला त्याने गुणलं की जुन्या आधारावरचा आकडा मिळतो, मग नेहमीसारखा भागाकार. एकत्रित धरताय ना, मग गुणकही एकत्रितचाच घ्या, ग्रामीणचा किंवा शहरीचा लावू नका. भाडेकरूला डीएचं (महागाई भत्त्याचं) उदाहरण द्या, तोही अशाच एका निर्देशांकावर ठरतो. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचं आधारवर्ष २००१ चं २०१६ झालं तेव्हा गुणक २.८८ होता, सप्टेंबर २०२० चा आकडा आला ११८, त्याला २.८८ ने गुणा, ३३९.८४ येतात. म्हणजे ३४० च्या जागी ११८ दिसायला लागले, म्हणून कुणाचा डीए कापला गेला नाही.

टोपली बदलली तरी निर्देशांक तोच पुढे चालू असतो, त्यासाठी करार मोडायची गरज नाही. पुढच्या वर्षी दोन्ही फेब्रुवारी नव्या मालिकेतलेच असतील, तेव्हा गुणकही नको. फक्त महिना बदलू नका, जून-जुलैत मासेमारी बंदी असते, मासळी कडाडते, जुलैची तुलना फेब्रुवारीशी केली की तुमचं तरी नुकसान नाहीतर त्याचं तरी. एक छोटा पुरवणी करार करून घ्या, त्यात एकत्रित निर्देशांक, फेब्रुवारी महिना आणि आधारवर्ष बदललं तर मंत्रालयाचा गुणक, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा.

धागाकर्ता

खूप आभार, डीएचं उदाहरण एकदम बरोबर बसलं, त्याची बायको शाळेत शिक्षिका आहे, तिच्यासमोरच बसून हिशोब करतो. कुणाकडे अशा पुरवणी कराराचा मराठी मसुदा असेल तर इथे टाका ना, आणि तो रजिस्टर करावा लागतो की दोघांच्या सह्या पुरतात तेही सांगा. एप्रिलचं भाडं अडकून राहिलंय.