मदत हवी आहे: सीमेवर जाऊन संपणाऱ्या एक्सप्रेसवेची वाहतूक मोजायची कशी?

डांबरी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज घोडं अडलं म्हणून लिहितेय. जाणकारांनी मदत करावी.

मी रस्ते सल्लागार कंपनीत आहे, नोकरीचं तिसरं वर्ष. सध्या उत्तर बिहारातून नेपाळ सीमेवरच्या रक्सौलकडे जाणाऱ्या एका प्रवेश-नियंत्रित (ठरावीक जागांवरूनच आत-बाहेर करता येणाऱ्या) रस्त्याचा प्राथमिक अभ्यास चालू आहे. (रक्सौल-हल्दिया एक्सप्रेसवेबद्दल पेपरात वाचलं असेल. आमचं काम त्याच पट्ट्यातलं, पण वेगळं आणि बरंच लहान.) वाहतुकीचं प्रकरण माझ्या गळ्यात आहे. आज गाड्या किती, पंचवीस वर्षांनी किती, आणि त्यावरून लेन किती.

नेहमीप्रमाणे सात दिवस, चोवीस तास वर्गीकृत (गाडीच्या प्रकारानुसार) मोजणी केली. मोजणीचं एक ठाणं रक्सौलच्या जरा अलीकडे, जुन्या रस्त्यावर होतं. तिथले जड गाड्यांचे आकडे मला समजतच नाहीत. एरवी महामार्गावर ट्रकचा आलेख रात्री फुगतो आणि सकाळी उतरतो. इथे तासामागून तास जवळपास तोच आकडा, आणि मध्येच तीन-चार तास शून्य. शून्याच्या रकान्यात आमच्या मोजणीदार पोरानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "गाड़ी खड़ी है".

साहेबांचं म्हणणं, "आयआरसी ३७ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्याच्या थरांच्या आखणीची मार्गदर्शिका) किमान ५ टक्के वाढ दिली आहे. ती लाव आणि पुढे सरक." पण ते ५ टक्के रस्त्याच्या थरांच्या जाडीसाठी आहेत ना? लेन ठरवायला तेच कसं चालेल? मागच्या वर्षांचा कल काढावा म्हटलं तर सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ची नेपाळ सीमेवरची नाकाबंदी मध्ये आडवी येते. ते वर्ष पाया धरलं की पुढची वाढ आभाळाला भिडते.

आणि एक बावळट प्रश्न: असा रस्ता नेमका संपवायचा कुठे? नकाशावर मी रेघ थेट सीमेला टेकवली होती. ती बघून आमच्या ड्राफ्ट्समननं नुसतं "हं" केलं.

खडीवाला

पहिलं काम, त्या मोजणीदार पोराला चहा पाजा. अख्ख्या अहवालातली सगळ्यात खरी नोंद त्याची आहे.

तुमचं ठाणं रांगेच्या आत पडलंय, ताई. रांगेत उभं राहून मोजलं की किती ट्रकना जायचं आहे ते कळत नाही, पुढचं फाटक तासाला किती सोडतं तेवढंच कळतं. म्हणून आलेख सपाट. शून्य म्हणजे फाटक बंद. तुम्ही मागणी मोजली नाही, सीमाशुल्काच्या खिडकीचा वेग मोजलात. आता त्यावर ५ टक्के लावा नाहीतर १५, पंचवीस वर्षांनंतरची खिडकीच निघेल.

साहेबांच्या ५ टक्क्यांबद्दल तुमची शंका बरोबर आहे. जड गाड्यांची वाढ त्याहून कमी निघाली तर जाडी काढताना किमान ५ धरा, एवढाच त्याचा अर्थ. वाहतुकीच्या अंदाजासाठी त्यांचीच दुसरी मार्गदर्शिका, आयआरसी १०८, उघडा.

डांबरी

बाप रे. म्हणजे सात दिवसांची मोजणी वाया?

खडीवाला

वाया कशाला? फाटकाची क्षमता म्हणून ती सोन्यासारखी आहे, फक्त तिला मागणी म्हणू नका. मागणीसाठी ठाणं मागे न्या, रांगेची शेपटी कधीच पोचणार नाही इतकं मागे. तिथेच उगम-गंतव्य सर्वेक्षण (गाडी कुठून आली, कुठे चालली) करा आणि ड्रायव्हरला माल काय तेही विचारा. सीमेवर गाड्या वाढत नसतात, माल वाढतो. आधी सिमेंट, लोखंड, धान्य, कंटेनर असे मालाचे अंदाज करा, मग त्यांचे ट्रक करा.

शिवाय सीमा खुली आहे. रक्सौल आणि पलीकडचं बीरगंज जोडणाऱ्या मैत्री पुलावरून टांगे, सायकली, ई-रिक्षा आणि बाजारहाटाला जाणारी माणसं दिवसभर जा-ये करतात. ती तुमच्या एक्सप्रेसवेची गिऱ्हाइकं नव्हेत. मालाचे ट्रक २०१६पासून एकात्मिक तपासणी नाक्यातून (सीमाशुल्क वगैरे सगळी तपासणी एका आवारात) जातात. दोन्ही प्रवाह एका तक्त्यात घातलेत तर पीसीयू (सगळी वाहनं कारच्या मापात मोजून येणारा आकडा) बघून हुरळून जाल.

सोळाचाकी

या लायनीवर आमच्या गाड्या चालतात म्हणून लिहितो. इंजिनियर लोकांनी रागावू नये.

जाताना गाडी भरलेली, येताना बहुतेक वेळा रिकामी. नेपाळ आपल्याकडून जेवढं घेतो त्याच्या मानानं पाठवतो फार थोडं. दसऱ्याच्या आधी, म्हणजे त्यांच्या दशैंच्या आधी, माल धो-धो जातो. मे अखेरीस त्यांचं बजेट येतं आणि जुलैच्या मध्यात नवं आर्थिक वर्ष लागतं. तेव्हा जकात वाढणार की उतरणार या हिशेबात व्यापारी कधी घाई करतो, कधी गाडी अडवून ठेवतो. तुमचे सात दिवस कोणत्या महिन्यातले?

रांगेत ड्रायव्हर काय करतो तेही बघून या. गाडीखाली दोन चाकांच्या मध्ये चादरीची झोळी बांधून झोपतो. क्लीनर स्टोव्हवर भात टाकतो. पुढची गाडी हलली की भात अर्धा कच्चा तसाच उचलायचा. तुमच्या रस्त्यानं आमचे चार तास वाचले तर आम्ही त्या झोळीत चार तास आधी झोपू, एवढाच फरक.

खडीवाला

सोळाचाकी, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला हवा.

डांबरी, भरलेल्या-रिकाम्याचं वाचलंत ना? आसभाराचं (एकेका आसावर पडणाऱ्या वजनाचं) सर्वेक्षण दोन्ही दिशांना वेगळं करा आणि सरासरी काढू नका. उत्तरेकडे जाणारी बाजू झिजेल, दक्षिणेकडे येणारी नवीकोरी राहील.

जुन्या आकड्यांत आणखी एक खड्डा आहे. मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजला जाणारी तेलवाहिनी सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झाली आणि टँकर घटले. त्याआधीच्या टँकरवरून कल काढलात तर नळातून जाणारं डिझेल तुम्ही परत रस्त्यावर ओताल. कंटेनरचंही तेच. हल्दिया-कोलकात्याहून येणारा बराच माल रेल्वेनं थेट बीरगंजजवळच्या सिर्सियाच्या कोरड्या बंदरात उतरतो. तो रस्त्यावर येईल असं गृहीत धरायचं असेल तर कारण द्यावं लागेल. नाकाबंदीचे महिने सरळ वगळा आणि का वगळले ते लिहा. फक्त संवेदनशीलता (गृहीतकं बदलली तर निकाल किती हलतो ते) तपासताना त्यांना परत बोलवा. सीमेवरचा रस्ता चार-पाच महिने ओस पडू शकतो हे कर्ज देणाऱ्याला कळलं पाहिजे.

पलीकडचंही बघा. काठमांडू-तराई द्रुतमार्ग नेपाळी सेना बांधते आहे, निजगढपर्यंत. तो झाल्यावर आणि न झाल्यावर अशी दोन चित्रं काढा.

आता "कुठे संपवायचा". हा प्रश्न बावळट नाही. रेघ सीमेला टेकवणं मात्र खोडून टाका. दोन देशांच्या मध्ये दशगजा असतो, स्तंभांच्या दोन्ही बाजूंना मोकळी सोडलेली पट्टी. तिथे कुणी काही बांधायचं नसतं. पण खरी अडचण त्याच्या बरीच अलीकडे आहे. उदाहरणादाखल धरा, नाका तासाला ४० ट्रक घेतो आणि तुमचा रस्ता ६० आणून सोडतो. सहा तासांत १२० ट्रक तुंबले. एका ट्रकला अंतरासकट २० मीटर धरा, एका लेनमध्ये जवळपास अडीच किलोमीटर. एक्सप्रेसवेवर हे जास्तच होतं, कारण वेळ नेमकी साधता येते. संध्याकाळी सुटलेले सगळे पहाटे एकदम येऊन थडकतात.

आता त्यात जानेवारीचं धुकं घाला. १२०च्या वेगासाठी आखलेला रस्ता, दिवे बंद करून उभी शेपटी, आणि मागून येणारी व्होल्वो.

म्हणून प्रवेश-नियंत्रित भाग नाक्याच्या काही किलोमीटर अलीकडे आंतरबदलावर (इंटरचेंजवर) संपवा. तिथे मुख्य रस्त्याच्या बाहेर थांबातळ (ट्रक उभे करायची जागा) द्या: संडास, पाणी, टोकन, कागद तपासायची सोय. ज्याचा नंबर लागला तोच पुढे. पुढचा तुकडा कमी वेगाचा साधा चौपदरी करा आणि रक्सौल गावातलं रेल्वे फाटक कुठेही मध्ये येऊ देऊ नका. थांबातळ किती मोठं हवं ते तुमची "वाया गेलेली" मोजणी सांगेल.

तलाठी_तात्या

थांबातळाची जमीन मुख्य रस्त्याबरोबरच राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या ३अ च्या (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या) अधिसूचनेत घाला. "नंतर बघू" म्हणालात की तिथे प्लॉट पडलेच समजा. ३अ नंतर वर्षाच्या आत ३ड ची (संपादनाची) घोषणा झाली नाही तर अधिसूचना बाद. बिहारात खतियान (जमिनीचा हक्काचा उतारा) आजोबांच्या नावावर आणि कसणारे सात जण, हे सर्रास. दाखिल-खारिज (आपल्याकडचा फेरफार) झालेलं नसतं, मग मोबदला कुणाला द्यायचा यावर गाडं अडतं.

अवांतर: आपला सातबारा बरा, असं आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतोय.

डांबरी

सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांना आलेख दाखवला. आधी म्हणाले, परत मोजायला पैसे नाहीत. मी पेन्सिलीची ती नोंद पुढे ठेवली. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, मागे एक ठाणं लाव, पण तीनच दिवस.

खडीवाला काका, तीन दिवसच मिळणार असतील तर कोणते घेऊ?

खडीवाला

नाक्याच्या सुट्टीचा दिवस, त्याच्या आदला आणि त्याच्या नंतरचा. आणि तोच पोरगा पाठवा.