६० हजारांची मदत म्हणजे नासाडी? ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वर्गांचा हिशेब

कृष्णाकाठ:
'जत पूर्व भाग' यांनी काल इथं लिहिलं की ऊसतोड कामगारांच्या मुलांचे वर्ग चालवायला गावच्या मंडळांना देणगीदार आणि कंपन्या देतात त्या पन्नास-साठ हजारांच्या मदतीतून फ्लेक्स, दप्तरं आणि उद्घाटनाचा फोटो यापलीकडं काही निघत नाही. त्यांचं म्हणणं, हे तुकडे गोळा करून तालुक्याला एकच मोठं केंद्र काढा, पक्की इमारत, पगारी शिक्षक, मुलांना आणायला गाडी. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात दिवाळीच्या आगंमागं ऊसतोड टोळ्या उतरतात. बैलगाडीवाले कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर एका जागी असतात. तिथं तुमचं केंद्र चालेल, मान्य. पण ट्रॅक्टर भरणाऱ्या टोळ्या उसाच्या फडामागं फिरतात. आज या गावच्या माळावर कोप्या (पाचटाच्या झोपड्या), काही आठवड्यांनी दुसऱ्या शिवारात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि आठ-दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीत राहते. ती त्याला कडेवर घेऊन तालुक्याच्या केंद्रात कशी जाणार? गाडी कुठल्या थांब्यावर उभी करणार, टोळी कुठं आहे हे मुकादमालाच आदल्या रात्री कळतं तर?

आता पैसे. पंचवीस मुलं, नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, रोज संध्याकाळी दोन तास. शिकवणारीचं मानधन महिना ५,०००, म्हणजे २५,०००. पाट्या, वह्या, अक्षरकार्डं मुलामागं ३०० धरून ७,५००. शेंगदाणे-गूळ नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, मुलामागं रोज ६ रुपये, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १८,०००. ताडपत्री आणि चार्जिंगचे दोन दिवे ६,०००. प्रवास, झेरॉक्स, हिशेब तपासणी ३,५००. बेरीज ६०,०००. मुलामागं अख्ख्या हंगामाला २,४००. यात इमारत नाही, कारण टोळी हलली की ताडपत्री गुंडाळून वर्गही हलतो. पुढच्या गावात शिकवणारी दुसरी असली तर मुलांची यादी आणि कुणाचं कुठवर आलंय ती वही तिच्या हातात जाते. ही वही नीट ठेवली तर वर्ग टिकतो. ती हरवली की मूल दर गावात पुन्हा 'अ'पासून सुरू करतं आणि आठवडाभरात यायचं बंद होतं.

जत पूर्व भाग:
हिशेब छान मांडलात. आता त्यातलं काय बिघडतं ते ऐका. आमच्या जत-आटपाडीतून माणसं स्वतः तोडीला जातात, त्यामुळं मुलं परत आल्यावर काय होतं ते गावाला दिसतं. एप्रिलमध्ये मूल गावच्या शाळेत बसतं. पाच महिने ते कुठं होतं, काय शिकलं, याचा एक कागद गुरुजींकडं नसतो. तुमची वही तिकडंच राहते.

दुसरं, मदत एका हंगामाची. पुढच्या दिवाळीला तीच टोळी त्याच माळावर उतरते आणि वर्ग नसतो, कारण देणाऱ्याला 'नवीन उपक्रम' हवा असतो. तिसरं, पैसे यायची वेळ. अर्ज ऑगस्टमध्ये, मंजुरी डिसेंबरात, खात्यावर रक्कम फेब्रुवारीत. तोवर अर्धा हंगाम संपलेला. खर्च मात्र ३१ मार्चच्या आत दाखवायचा. मग मंडळ काय करणार? दप्तरं आणणार. मी फ्लेक्स म्हणालो ते उगाच नाही म्हणालो. मोठ्या केंद्राकडं निदान बारा महिन्यांचा पैसा असतो.

कोयनेचं पाणी:
दोघांचंही मूळ चुकतंय. मानधनाची सवय लागली की काम बसतं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली ती कुठल्या प्रकल्प अहवालावर? १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह काढलं ते गावोगावच्या धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर. आज प्रत्येक गावात पदवी घेतलेली पोरं बसून आहेत. रोज दोन तास शिकवायला पाच हजार कशाला लागतात? ते २५,००० वाचवा, आणखी पंचवीस मुलांचा खाऊ-वह्या होतील.

तासगावकर ताई:
दादा, हे वाचून संताप आला. अण्णांचं नाव घ्यायचं तर पुरतं घ्या. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. म्हणजे खर्च होताच, फक्त तो त्यांच्या घरातून गेला. त्यावरून गावातल्या लेकीसुनांनीही पदरमोड करावी असा अर्थ काढायचा का?

शिकवायला येतं कोण ते बघा. पदवीवाली पोरं सांगलीला नाहीतर पुण्याला. वर्गावर असते ती बारावी झालेली सून नाहीतर लग्न ठरायच्या वाटेवरची मुलगी. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की बागेत काम सुरू होतं, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग काढणी, आणि फेब्रुवारीपासून बेदाण्याची शेड. ऊसतोडीचा हंगाम आणि हा हंगाम एकच. शेडवर रोख मजुरी मिळते. तुम्ही मानधन काढून टाकलंत की वर्ग नेमका फेब्रुवारीत मोडतो. तिचं मन नसतं असं नाही, घरातले विचारतात की तिकडं मजुरी सोडून फुकट कशाला जातेस. दोनशे दप्तरं घेतलीत आणि शिकवणारी गेली तर त्या दप्तरांत काय भरणार?

कोयनेचं पाणी:
फुकट राबवा असं म्हणालो नाही. पण देणगीदाराला मुलांसाठी द्यायचं असतं, पगारासाठी नाही. कंपन्याही तेच सांगतात, ५ टक्क्यांच्या वर पगार-कार्यालय चालत नाही. नियमच आहे.

हिशेबनीस, मिरज:
इथं थांबा. हा ५ टक्क्यांचा घोळ जिल्हाभर पसरलाय आणि त्यापायी चांगली अंदाजपत्रकं आधीच कापली जातात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला. प्रकल्प राबवण्यावर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. वर्गावर शिकवणाऱ्याचं मानधन हाच तर प्रकल्प. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आणला हे खरं, पण तिथंही शाळेच्या शिक्षकांचे पगार, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार प्रशासकीय खर्चात मोजत नाहीत. अंदाजपत्रकात 'पगार' असा मोघम शब्द टाकलात तर समोरचा तो कापणारच. 'वर्ग शिकवणे: १२० दिवस, रोज २ तास' असं लिहा.

खरी अडचण वेगळी आहे. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा हा निधी घ्यायला कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि त्याआधी आयकर खात्याकडची १२ए, ८०जी ही नोंदणी. गावच्या मंडळाकडं यातलं काही नसतं. मोठ्या संस्थेनं परदेशी निधी घेऊन तो मंडळाला वाटायचा रस्ता २०२० मध्ये बंदच झाला. देशी पैशातही २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका न्यासानं दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच विनियोग (संस्थेच्या उद्देशावर झालेला खर्च) म्हणून धरतात. म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेनं मंडळाला रक्कम न देता शिकवणारीला थेट तिच्या खात्यावर मानधन द्यावं आणि वर्ग आपला म्हणून चालवावा. कायद्यातही बसतं, मधे पैसे अडकत नाहीत.

रोखच द्यायची वेळ आली तर पावती अशी हवी: नाव, गाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत किती दिवस, रक्कम अंकी आणि अक्षरी, सही, तारीख. ५,००० च्या वर गेली की एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आणि सही स्टॅम्पवरून कागदावर उतरलेली. नेमके ५,००० असतील तर स्टॅम्प लागत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊच नका, आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही.

आणि मंडळांनो, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाका. वारलेल्या अध्यक्षांचं नाव नोंदीवर तसंच असतं, नवीन अध्यक्ष चेकवर सही करायला जातात, बँक खातं थांबवते आणि मंजूर रक्कम परत जाते. हे टाळायला फारसा खर्च येत नाही.

कोयनेचं पाणी:
५ टक्क्यांचं माझं चुकलं. पण मग देणारेच कापतात त्याला काय करायचं?

तासगावकर ताई:
नियमाचा आधार द्यायचा आणि चुकला की 'पण' म्हणायचं. त्यांना हेच सांगायचं जे हिशेबनीसांनी आत्ता सांगितलं. लेखी.

जत पूर्व भाग:
भांडण मानधनावर गेलं, माझा मुद्दा बाजूलाच राहिला. मानधन द्याच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मूल गावी परतल्यावर काय?

कृष्णाकाठ:
त्याचं उत्तर वहीत नाही, पटावर आहे. हे आधी लिहायला हवं होतं. संध्याकाळचा वर्ग हा शाळेला पर्याय नाही. टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकवणारीनं कोप्यांत फिरून यादी करायची: मुलाचं नाव, आधीची शाळा, गाव, तालुका, इयत्ता, मुकादमाचा फोन. मग मूल जवळच्या जिल्हा परिषद शाळेत न्यायचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. गावाकडून निघताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेकडून मिळणारं कार्ड) घेतलं असेल तर काम अगदी सोपं. नसेल तर शिकवणारीनं आधीच्या गुरुजींना फोन लावायचा. पटावर नाव आलं की दुपारचं जेवण शाळेत मिळतं. मार्चमध्ये निघताना इथल्या मुख्याध्यापकांकडून हजेरीचा आणि इयत्तेचा कागद घेऊन आईच्या हातात द्यायचा, एक फोटो तिकडच्या गुरुजींना पाठवायचा. धाकट्याला अंगणवाडीत बसवलं तरच थोरली शाळेत जाते, हे कुणी विसरू नये.

जत पूर्व भाग:
हे सगळं करणारी बाई पाच हजारांत मिळते असं धरून चाललात. मला कमी वाटतात. सात करा, ताडपत्री कारखान्याकडून मागा. आणि एका हंगामाची मदत मी तरी देणार नाही, दोन हंगामांची लेखी हमी असेल तरच. इमारतीचा हट्ट फिरत्या टोळ्यांपुरता सोडतो. तळावर राहणाऱ्या गाडीवाल्यांसाठी पक्कं केंद्रच हवं, तिथं ताडपत्रीचं कौतुक नको.

कृष्णाकाठ:
तळाबाबत मान्य. सात हजारही मान्य, बेरीज ७०,००० होते, ताडपत्री-दिवे वगळले तर ६४,०००. तारखेचं मात्र पक्कं करायला हवं. पहिला हप्ता १५ ऑक्टोबरच्या आत खात्यावर नसेल तर त्या हंगामाची रक्कम घ्यायचीच नाही, पुढच्या हंगामाला वळवून घ्यायची. तसं पत्र अर्जासोबतच जोडायचं.

हिशेबनीस, मिरज:
वळवायची असेल तर मंजुरीपत्रातच 'खर्चाचा कालावधी ऑक्टोबर ते पुढील एप्रिल' असं लिहून घ्या. कंपनीला आर्थिक वर्षात खर्च न झालेली रक्कम चालू प्रकल्प म्हणून वेगळ्या बँक खात्यात ठेवता येते, पण त्यासाठी त्यांच्या संचालक मंडळानं प्रकल्प एका वर्षापुढचा म्हणून मंजूर केलेला किंवा कारण देऊन वर्षापुढं वाढवलेला असावा लागतो. मार्चमध्ये मागितलंत तर मिळेलच असं नाही. जुलैत अर्ज करतानाच मागा.