मागची काच बदलायची आहे, अर्जंट, पुण्यात कोणी सांगेल का?

वैतागवाडीकर (सोमवार, रात्री ११:४०)
मागची काच फुटली. पूर्ण भुगा. गुरुवारच्या आत बसवून हवीये, काहीही करून. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे पार्ट ऑर्डर करावा लागेल, चार ते सहा दिवस, आणि मध्ये गणपतीची सुट्टी. बाहेर एकाने ३८०० सांगितले, दुसऱ्याने ६५००, तिसरा म्हणतो आणून दाखवा मग बघू. एकाच काचेच्या भावात इतका फरक कसा? कोणाला चांगला माणूस माहीत असेल तर लगेच सांगा. उगाच सल्ले नकोत प्लीज.

टिकटिक
कोणतं मॉडेल? आयफोन असेल तर मागची काच लेझरने सोडवून काढतात, हल्ली तासाभरात होतं. ३८०० वाला बहुतेक डुप्लिकेट लावणार. तोपर्यंत कव्हर घालून वापरा, बोटात तुकडे जातात, माझ्या गेले होते.

वैतागवाडीकर
अहो गाडीची!! फोनची काच फुटली म्हणून कोणी रात्री पावणेबाराला धागा काढेल का

टिकटिक
काढतात की. मीच काढला होता.

सातारी_तडका
गाडीची असेल तर नुसती काच बदलून भागत नाही भावा, माझ्या मागच्या दाराची फुटलेली, मी घाईघाईत काच टाकली आणि महिन्यात ती आतच घसरली, कारण काच वरखाली करणारं मशीन आधीच गेलेलं होतं, फुटली तीसुद्धा त्यामुळेच. दाराचं पॅड उघडतील तेव्हा समोर उभा राहा आणि मशीन बघून घे. दाराच्या तळाशी काचेचा चुरा साठतो तो काढायला लाव, नाहीतर प्रत्येक वेळी दार लावताना खुळखुळा.

वैतागवाडीकर
दाराची नाही हो. मागची म्हणजे मागची. डिकीची. मोठी.

काचेचा_माणूस (मंगळवार, सकाळी ७:१५)
मी याच धंद्यात आहे, २२ वर्षं झाली. भावातला फरक विचारताय, पण गाडी कोणती ते अजून लिहिलेलं नाही. गाडी, साल, मॉडेल वरचं की खालचं. काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या बारीक आडव्या रेघा होत्या का? वायपरचं भोक काचेला आहे की पत्र्याला? एकाच गाडीच्या मागच्या काचा दोन-तीन प्रकारच्या येतात. बिनरेघांची स्वस्त, रेघांची महाग, त्यात कंपनीच्या खोक्यातली आणखी महाग. तुम्ही फोनवर ‘मागची काच’ इतकंच बोलला असाल तर दोघांनी दोन वेगळ्या काचांचे भाव दिलेत.

वैतागवाडीकर
स्विफ्ट डिझेल, २०१६, टॉप मॉडेल. वायपर खाली पत्र्यात आहे. रेघांचं आठवत नाही. डॅशबोर्डवर बटण आहे पण, त्या वाफेच्या चित्राचं.

काचेचा_माणूस
बटण आहे म्हणजे रेघांचीच काच असणार. दुकानात जाताना आरसीचा फोटो न्या.

मीनल_क
पण फुटली कशी ते कोणी विचारलंच नाही. इन्शुरन्समधून का नाही करत? काचेचे पैसे मिळतात, माझे मिळाले.

हिशोबी
आधी बघा पॉलिसी फुल आहे की नुसती थर्ड पार्टी. थर्ड पार्टीवर स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. २०१६ ची गाडी म्हणजे झिरो डेप (घसारा न कापायचं जादा कव्हर) बहुधा संपलं असेल, मग निम्मेच मिळतील.

काचेचा_माणूस
काचेवर घसारा नसतो. झिरो डेप नसलं तरी नाही. पन्नास टक्के कापतात ते रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे. फायबरचे तीस. काच पूर्ण धरतात.

हिशोबी
बरोबर, काचेचं विसरलो. तरीपण १५०० सीसीच्या आतल्या गाडीला १००० रुपये आपल्या खिशातून जातातच. आणि मुख्य गोष्ट एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट. समजा ५० टक्के एनसीबी आहे आणि स्वतःच्या गाडीच्या भागाचा मूळ प्रीमियम ७००० आहे. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि मग परत ५०. म्हणजे नुकसान ३५०० + २१०० + १७५० + १०५० + ३५० = ८७५०. काच बसवून साडेपाच हजार धरली तर क्लेमचे मिळणार साडेचार. साडेचारासाठी पावणेनऊ घालवायचे असतील तर खुशाल करा.

मीनल_क
मी एनसीबी प्रोटेक्ट घेतलेलं होतं, मला काही भुर्दंड पडला नाही.

हिशोबी
त्याचे पैसे आधीच भरलेत ना तुम्ही, दरवर्षी.

मीनल_क
तुम्ही छत्री घेता तेव्हापण असाच हिशोब करता का?

काचेचा_माणूस
क्लेम करायचा असेल तर आधी इन्शुरन्स कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत फ्रेमला हात लावू नका. फॉर्मवर सही पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याचीच लागते. पॉलिसी तुमच्याच नावावर आहे ना?

वैतागवाडीकर
नाही.

मीनल_क
मग कोणाच्या?

वैतागवाडीकर
सासऱ्यांच्या. गाडी त्यांची आहे. गुरुवारी पहाटे पाचला ते गणपतीला चिपळूणला निघणार आहेत, त्याच्या आत मला गाडी पोचवायचीये. त्यांना माहीत नाहीये आणि कळायला नकोय. म्हणून म्हटलं होतं उगाच सल्ले नकोत.

सातारी_तडका
हाण तिच्यायला. हे पहिल्या ओळीत लिहायचं ना राव!

मीनल_क
आणि फुटली कशी?

वैतागवाडीकर
त्यांच्याच गणपतीचा चौरंग आणायला गेलो होतो. आडवा टाकला डिकीत, वाटलं बसला. डिकी जरा जोरात आदळली आणि चौरंगाचा पाय काचेला लागला. फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि काच क्षणभर तशीच उभी होती, पांढरी फट्ट, जाळी पडल्यासारखी, मी हात लावला आणि सगळी खाली. चौरंगाला ओरखडापण नाही.

कोथरूडच्या_काकू
गणपतीआधी काच फुटली म्हणजे मोठं काहीतरी टळलं असं समजा. आणि तुकडे हाताने गोळा करू नका. व्हॅक्युम फिरवलात तरी सीटच्या खाचेत बारीक कण राहतातच. कणकेचा घट्ट गोळा करून दाबत दाबत फिरवा, सगळं चिकटून येतं. मुलं मागे बसत असतील तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुसा, आतून चुरा निघतो. कणीक लगेच फेकून द्या, कुत्र्याला वगैरे घालू नका.

घाटवाट
पण समोरची काच फुटली तर अशी खाली पडत नाही, मग मागची का? कंपन्या पैसे वाचवतात बघा.

काचेचा_माणूस
पैसे वाचवण्याचा प्रश्न नाही. पुढची दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून चिकटवलेली असते, तडे गेले तरी जागेवर राहते. मागची एकच जाड काच तापवून झटकन गार केलेली, म्हणजे टफन. मधोमध बुक्की मारा, काही होत नाही. कडेला टोकदार काही लागलं की क्षणात सगळीचा चुरा, पण बोथट दाणे, सुऱ्यासारखी पाती नाहीत. चौरंगाचा पाय कडेलाच लागला असणार.

वैतागवाडीकर
कडेलाच. खालच्या कोपऱ्यात.

घाटवाट
नवीन काच बसवतोच आहेस तर लगे हाथ काळी फिल्म मारून घे, आतलं सामान दिसत नाही.

हिशोबी
२०१२ पासून सुप्रीम कोर्टाची काळ्या फिल्मला बंदी आहे. मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे, बाजूच्यांतून ५०. आणि सासऱ्यांची गाडी परस्पर काळी करून परत द्यायची? चांगला सल्ला आहे.

घाटवाट
आमच्याकडे सगळे लावतात.

सातारी_तडका
आत्ता तिथे काय लावलंयस? बाहेर पाऊस बघ.

वैतागवाडीकर
जुनी ताडपत्री, चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी. अशीच घेऊन जातो भोसरीला.

काचेचा_माणूस
खाकी पट्टी आत्ताच्या आत्ता काढा, एक ऊन लागलं तर रंग घेऊन निघेल. रंगाऱ्याची पिवळट कागदी पट्टी लावा. आणि गाडी चालवताना पुढच्या दोन्ही काचा थोड्या खाली ठेवा. मागे भगदाड असलं की सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही, आधी डोकं जड होतं. वास येत नाही म्हणून धूर नाही असं समजू नका.

घाटवाट
एवढ्या पावसात काच बसवूच नये. काच चिकटवायचं सिलंट वाळणार नाही, पहिल्याच घाटात काच उडून जाईल. माझ्या मेव्हण्याची उडाली होती.

काचेचा_माणूस
पीयू (पॉलियुरेथेन) सिलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, पावसाळी हवा त्याला चालते. फक्त लावताना पत्रा आणि काचेची कड कोरडी ठणठणीत पाहिजे, म्हणजे काम छपराखाली. तुमच्या मेव्हण्याला सिलिकॉन लावून दिलं असेल. आंबूस व्हिनेगरसारखा वास येतो ते, बाथरूमवालं. पत्र्याला गंज आणतं. वैतागवाडीकर, तिथे उभे राहून बघा: जुनी चिकटवण पातळ थर ठेवून कापतात, पूर्ण खरवडत नाहीत. खरवडताना पत्रा उघडा पडला तर त्यावर प्रायमर. मग बंदुकीने सिलंटची एकसलग उंच रेघ, आणि दोघांनी सक्शन कपाने काच एकदाच टेकवायची, सरकवायची नाही. बुधवारी दुपारच्या आत बसली तर गुरुवारी पहाटे निघायला हरकत नाही. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, सगळ्या बंद असताना दार आदळलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. प्रेशरने धुणं दोन दिवस नाही. आणि डिकी आदळायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

वैतागवाडीकर (मंगळवार, दुपारी ४:०५)
आता भलतंच झालंय. भोसरीत दुकानात आहे. रेघांची काच आहे त्यांच्याकडे, ४६०० आणि फिटिंग ९००. पण हा पोरगा म्हणतोय तुमच्या काचेला रेघा नव्हत्याच. खाली कडेला चिकटून राहिलेला पट्टा दाखवला त्याने, एकही रेघ नाही. मग बिनरेघांचीच घेऊ का? १५०० वाचतात आणि सासऱ्यांना फरक कळणार नाही.

काचेचा_माणूस
थांबा. डिकीच्या आतलं प्लास्टिक काढलंय का? काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक वायर आहे का बघायला सांगा.

वैतागवाडीकर
आहे. दोन्हीकडे. दोन्हींच्या टोकांना काळी टेप गुंडाळलेली आहे.

काचेचा_माणूस
कंपनी टेप गुंडाळून गाडी विकत नाही. उरलेल्या पट्ट्यावर कोपऱ्यात शिक्का असेल, त्यात छोटा आकडा आणि ठिपके असतात, तो सालाचा. दारांच्या काचांच्या शिक्क्याशी जुळतोय का?

वैतागवाडीकर
दारांवर सगळीकडे ६. यावर ९.

हिशोबी
म्हणजे ही काच आधीच एकदा बदललेली आहे. २०१९ मध्ये किंवा त्यानंतर.

वैतागवाडीकर
अहो सासरे मला चार वर्षं सांगतायत की हे डिफॉगरचं बटण कंपनीने नावाला दिलंय, दाबलं की दिवा लागतो पण कुंभार्ली घाटात मागे काही दिसत नाही. आणि दर गणपतीला जेवताना सासूबाईंच्या समोर सांगतात की आजवर एकदाही गाडीला हात लागू दिला नाही!

कोथरूडच्या_काकू
अगंबाई.

मीनल_क
दिवा लागणारच, वीज टेपेपर्यंत येतेय की. 😂 आता फोन करा सासऱ्यांना.

सातारी_तडका
करू नको. हुकमाचा पत्ता आहे तो, जपून ठेव.

हिशोबी
घरातली माणसं आहेत ती, पत्ते काय. सरळ सांगा, आणि क्लेम करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या, एनसीबी त्यांचा आहे.

घाटवाट
बिनरेघांची बसव, जशी होती तशी. विषय संपला.

काचेचा_माणूस
घाटात पावसात मागचं दिसायला हवं. गाडीत वायरिंग आहे, बटण आहे, १५०० साठी अडू नका.

वैतागवाडीकर (बुधवार, रात्री ९:५०)
बसली. रेघांची. काल संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला होता, चौरंगापासून सगळं सांगितलं, टेपेचंही. बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, “रेघांची मिळतेय? मग तीच बसव, पैसे मी देतो.” मी विचारलं क्लेम करायचा का, तर म्हणाले, “नको नको, कागद घरी येतात. आणि हे बघ, तुझ्या सासूबाई इथेच आहेत, आपण नंतर बोलू.”

आज दुपारी एकला काम झालं, छपराखालीच केलं. पीयूच होतं, वास घेऊन बघितला. बटण दाबून पाच मिनिटं थांबलो, रेघेरेघेने वाफ निघत गेली. गाडी आठला पोचवली. चौरंग मात्र आता डिकीत ठेवायचा नाही म्हणालेत, सासूबाई मागच्या सीटवर शेजारी घेऊन बसणार आहेत.

कोथरूडच्या_काकू
चौरंगाखाली जुनी चादर घाला, सीटला पॉलिश लागतं.

टिकटिक
छान झालं. ती भोसरीवाली मंडळी फोनच्या काचा पण बदलतात का?

ओम्नीप्रेमी
याच धाग्यात विचारतो, नवीन काढत नाही. माझ्याकडे जुनी ओम्नी आहे, मागच्या काचेतून पाणी येतं, रबर कडक झालंय. आत्ताच पाहिजे, शनिवारी गौरी आणायला जायचंय.

काचेचा_माणूस
रबर बीडिंगवाली असेल तर नवीन रबर आणि सुतळी लागते, खाचेत सुतळी घालून आतून ओढत काच बसवतात, सिलंट नाही लागत. पण आधी सांगा, मागची म्हणजे डिकीचीच ना?