मदत हवी आहे: लाइन बॅलन्सिंगमध्ये मशीन टाइम कसा मांडायचा?

रबाळे एमआयडीसीतली छोट्या कंट्रोल पॅनेलची असेंब्ली लाइन; तिची कामं स्टेशनांवर समान वाटायची आहेत (हेच लाइन बॅलन्सिंग). शिफ्टमध्ये निव्वळ ४३५ मिनिटं, मागणी ४५० नग, म्हणजे टॅक्ट टाइम (एका नगामागे मिळणारा वेळ) ५८ सेकंद. ३४ कामं, बेरीज ४०६ सेकंद, सध्या ९ स्टेशन. अडतंय हाय-व्होल्टेज टेस्टवर: ७१ सेकंद, त्यामुळे ३६७ च्या वर नग निघतच नाहीत.

खरं तर त्यात ऑपरेटरचे हात फक्त ११ सेकंद लागतात; क्लिप लावा, बटण दाबा, काढा. उरलेले ६० सेकंद मशीनचे. दुसरं जिग (नग धरून टेस्ट करायची जोडणी) लावलं तर एकच माणूस दोन्ही बघेल आणि दर ३५.५ सेकंदांना नग सुटेल. पण बॅलन्सिंगचं सॉफ्टवेअर सगळा वेळ माणसाचाच धरतं आणि ‘उत्तर नाही’ म्हणून मोकळं होतं. शिवाय सोल्डरिंग पाचव्या स्टेशनवर टाकतं, धूर ओढायचा पंखा मात्र तिसऱ्यावर!

स्वतःच मांडावं तर एक्सेल सॉल्व्हरला २०० चलांची मर्यादा. इथे प्रत्येक काम-स्टेशन जोडीला एक चल, म्हणजे ३४ गुणिले ९, ३०६ होतात. म्हणून ओपनसॉल्व्हर (ही मर्यादा नसलेलं एक्सेलचं अ‍ॅड-इन) घेतोय. त्यात समांतर जिग आणि ‘हे काम याच स्टेशनवर’ या अटी कशा लिहायच्या? कुणाकडे चालू शीट असेल तर फारच बरं.